एक निरोप, तीन डॉक्टर

मी निरोपांची रांग बोलतेय. नांदेडात मडिवाळप्पांच्या भांड्यांच्या दुकानावर एक खोली आहे. तिथं बसून उज्वलाने मला संगणकाच्या जावा भाषेत लिहून काढलं.

जनावर आजारी पडलं की लोक मोबाइलवरून तिच्या वेबसाइटवर कळवतात आणि आपल्या कामाला लागतात. तो निरोप माझ्याकडे येऊन उभा राहतो. कोणाचा मोबाइल जवळ आहे ते बघून मी तो जनावरांच्या डॉक्टरला देते. त्यानं ‘येतो’ दाबलं की मला पोच यायची आणि मी निरोप पुसून टाकायचा. पाच मिनिटांत पोच नाही आली, तर तोच निरोप पुढच्या डॉक्टरला. उज्वलाने मला शिकवलं ते एवढंच.

पहिला निरोप भोकरहून आला, ‘शेळीनं साबण खाल्ला.’ उज्वला आनंदानं खोलीभर नाचली. शेळीला मात्र फेस येत होता.

दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, निलंग्याजवळच्या एका खेड्यातून विठाबाईंचा निरोप आला. ‘देवणी गाय अडली. पाय दिसतोय, वासरू येईना. लवकर या.’

मी तो डॉक्टर रेवणसिद्धांना दिला. त्यांनी ‘येतो’ दाबलं, मोटारसायकलला किक मारली आणि निघाले. पण मला पोचच आली नाही. झालं होतं असं, की पोच माझ्याकडे येण्याआधी डॉक्टरच्या दवाखान्याचं गाव वाचायचं, असं उज्वलाने लिहिलं होतं. रेवणसिद्धांनी नाव नोंदवताना ती जागा कोरी सोडलेली. कोऱ्या जागेशी काम बंद पडलं आणि पोच वाटेतच मेली.

पाच मिनिटं झाली. मी निरोप डॉक्टर अमरेशना दिला. तेही निघाले, त्यांचीही जागा कोरीच. माणसांना फॉर्ममधली एखादी जागा मोकळी सोडायची काय हौस असते कोण जाणे. मग मी तो डॉक्टर रुद्राणीला दिला. तिनं गावच काय, पिनकोडसुद्धा भरला होता. पोच आली. मी खुशीत निरोप पुसला.

तासाभरानं उज्वलाने नोंदी पाहिल्या. तिनं लगेच विठाबाईंना फोन लावला.

“काकू, माझ्याकडून चूक झाली. एका गाईला तीन डॉक्टर धाडलेत. दोघांना माघारी बोलावते.”

“कुनालाबी बोलवू नको, माय,” विठाबाई म्हणाल्या. “वासराची मान मागं वळलीय. ह्या दोघांचे हात हायत मुसळावानी, आत फिरंनात. आता ती डॉक्टरीण बाई बघायलीय. तिचा हात बारीक हाय. फोन ठेवू नको, पर बोलू बी नको.”

उज्वलाने फोन टेबलावर ठेवला आणि पाय वर घेऊन खुर्चीत बसली.

“मान सापडली,” रुद्राणीचा आवाज आला. “वळतेय. तुम्ही दोघं पाय धरा. गाय कळ देईल तेव्हाच ओढायचं.”

“धरले,” रेवणसिद्ध म्हणाले.

“आता ओढा.”

मग काहीतरी धपकन पडलं. कोणीतरी वासराला पोत्यानं खसाखसा चोळत होतं. आणि एकदम बारीक, चिरकं हंबरणं ऐकू आलं.

“कालवड हाय,” विठाबाई म्हणाल्या. “गाय चाटायलीय तिला.”

उज्वला हसायला लागली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदम करत जिना उतरून मडिवाळप्पांपुढं उभी राहिली. “काका, कालवड झाली.”

मडिवाळप्पांनी हातातला तांब्या खाली ठेवला, चष्मा नीट केला. “छान झालं बाई. कुनाला?”

त्याच दुपारी तिनं माझी ती ओळ दुरुस्त केली. तिन्ही डॉक्टरांना फोन करून आपली चूकही सांगितली. रेवणसिद्ध म्हणाले, “जनावर अडलं असलं, की अशी चूक करत जा.” तेव्हापासून अडल्या जनावराचा निरोप मी दोघांना एकदमच देते. आता तो नेमच झालाय.

माझं बरं चाललंय. आत्ताच माहूरकडून निरोप आलाय, म्हशीचं तोंड घागरीत अडकलंय आणि ती घागरीसकट गावभर हिंडतेय. मला निघायला हवं. तुमच्याकडं एकच मागणं आहे. शर्टाची बटणं लावत एखादा डॉक्टर गाडीवर बसताना दिसला, तर त्याला चहाला थांबवू नका. बाजूला व्हा, जाऊ द्या त्याला.