नऊ पौंड दोन औंस

पहाटे चार वाजता मी फ्रिजमधून गळाला लावायच्या अळ्यांचा डबा काढत होतो, तर माझी बायको मॉरीन जिन्यात उभी.

"लोण्याशेजारी किडे ठेवतोस, अंधारात उठतोस, आणि एवढं करून धरलेला मासा परत पाण्यात सोडून येतोस. बाहेर एखादी बाई ठेवली असतीस डेनिस, तर लोकांना निदान समजावून तरी सांगता आलं असतं."

"विक्रम मोडायचाय," मी म्हटलं.

"मोड, मोड," म्हणत ती झोपायला गेली.

विक्रम म्हणजे आमच्या मासेमारी क्लबच्या तळ्याकाठच्या पत्र्याच्या खोलीतल्या फळीवरची एक ओळ: टेंच मासा, नऊ पौंड दोन औंस, नेव्हिल पार्टिंग्टन. सहा वर्षं ती ओळ माझ्या डोळ्यांत खुपतेय. त्या वर्षीच्या सभेत मी चाळीस माणसांसमोर उभा राहून सांगितलं होतं, की नेव्हिलनं ओल्या झोळीसकट मासा तोलला आणि झोळीचं वजन वजाच केलं नाही. पुरावा? छे, पुरावा कशाला हवा, मला खात्री होती ना! तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

तळ्यावर पोहोचलो तर धुक्यात एकच हिरवी छत्री. नेव्हिलची. आमच्या चेशर परगण्यात तळ्यांना काय तोटा आहे? पण या गृहस्थाला नेमका माझ्या समोरचाच काठ लागतो.

मी कमळपानांच्या कडेला गळ टाकला. पावणेसहाला पाण्यावरची गळाची कांडी थरथरली, आडवी झाली आणि सरळ खाली गेली. दहा मिनिटं मी देवाला नाही नाही ती वचनं दिली. शेवटी मासा हातजाळ्यात आला. शेवाळी हिरवा, बुळबुळीत, इवलेसे लाल डोळे आणि पोट आमच्या पाद्रीबाबांएवढं.

आता नियम असा, की विक्रमाचं वजन क्लबच्या काट्यावर आणि दुसऱ्या सभासदासमोरच व्हायला हवं. आणि अख्ख्या तळ्यावर दुसरा सभासद कोण? वा रे नशीब!

जाळं पाण्यातच ठेवून मी नाक मुठीत धरून हाक मारली. "नेव्हिल! जरा येतोस का?"

"कोण बोलतंय?" पलीकडून आवाज आला. "तिकडचं कुणी माझ्याशी बोलत नाही."

"मासा आहे रे. मोठा."

तो आला. खोलीतून काटा, वही आणि झोळी घेऊन, वाटेत दोनदा नाक शिंकरून, अगदी रमतगमत आला. मासा बघून मात्र थबकला.

"सुंदर आहे रे," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, त्याचाच मला राग आला.

त्यानं झोळी पाण्यात भिजवली, मासा अलगद आत घेतला आणि काट्याला लावली. "नऊ पौंड सहा औंस. अभिनंदन, साहेब!" मासा झोळीसकट परत पाण्यात ठेवला, वहीत साक्षीदाराची सही ठोकली आणि पेन माझ्यापुढे धरलं.

झोळीच्या वजनाबद्दल चकार शब्द नाही.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो बदकांकडे पाहत होता, जसा काही त्या गावचाच नाही. फळीवर माझं नाव, नोव्हेंबरच्या सभेत टाळ्या, मॉरीनचं तोंड कायमचं बंद. फक्त एक सही. सांगायला लाज वाटते, पण नावाचं पहिलं अक्षर लिहूनही झालं होतं.

"झोळी," मी कसंबसं म्हणालो.

"झोळीचं काय?"

"वजा कर ना, मेल्या!"

मी दोन्ही हातांनी मासा झोळीतून बाहेर घेतला. तो क्षणभर तळव्यांवर थांबला आणि शेपटी फटकारून गेला. नेव्हिलनं रिकामी झोळी काट्याला लावली. पाच औंस. म्हणजे नऊ पौंड एक. एका औंसानं माझं हसू झालं.

"माझ्या वेळी काटा नऊ पौंड सात दाखवत होता," नेव्हिल वहीतलं खोडत म्हणाला. "साक्षीला म्हातारा हॅरल्ड. त्याला मासासुद्धा धड दिसत नव्हता. तरी मी पाच वजा केले."

"चुकलं माझं, नेव्हिल. खरंच चुकलं."

"मग इथे बदकांना काय ऐकवतोस?" त्यानं वही मिटली. "चाळीस जणांसमोर बोलला होतास. नोव्हेंबरात सभा आहे. मी पहिल्या रांगेत बसतो."