रेषेखालचा ठिपका

मी एक तक्ता आहे. मल्लेश्वरममधल्या एका रुग्णालयात, रेकॉर्ड सेक्शनच्या भिंतीवर माझा मुक्काम असतो. माझ्यावर माणसाचं पोट काढलेलं आहे, छातीपासून मांड्यांपर्यंत. चेहरा नाही, हात नाहीत. तरी मला कमी लेखू नका. माझ्यामुळे एक बाई आज चालतीबोलती आहे.

मला अहल्याअक्कांनी घडवलं. त्यांचं घराणं बंगळुरात इतकं जुनं, की मूळ गाव विचारलं तर त्या हसून म्हणतात, "हेच की!" डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि कॉम्प्युटरच्या यादीतून त्या आजाराचं अचूक नाव निवडायचं, हे त्यांचं काम. सगळी नावं सापडत. हर्निया मात्र त्यांना छळायचा.

पोटाची भिंत कुठेतरी कमजोर होते आणि आतली चरबी किंवा आतडं तिथून बाहेर डोकावतं, तो हर्निया. पण भिंत कुठे हरली, यावर त्याचं नाव ठरतं. बेंबीतून आला तर अंबिलिकल, बेंबीच्या वर मधोमध आला तर एपिगॅस्ट्रिक, जुन्या ऑपरेशनच्या व्रणातून आला तर इन्सिजनल. डॉक्टर घाईत नुसतं 'हर्निया' लिहीत. कॉम्प्युटर विचारी, कुठला? अक्का कपाळाला हात लावीत.

शेवटी एका रविवारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंगचा कागद पसरला आणि मी जन्मलो. पोट, जांघा, आणि प्रत्येक हर्नियाच्या जागी एक ठिपका. पुण्याहून इथे आलेल्या सर्जन देवश्रीमॅडमनी मला तपासलं.

"अक्का, जांघेतली ही लाइन जरा खाली घ्या," त्या म्हणाल्या. "या लाइनच्या वर आला तर इंग्वायनल, खाली आला तर फीमोरल. नेमकं इथेच सगळे कन्फ्यूज होतात."

अक्कांनी ती रेषा खोडून पुन्हा काढली. मग माझं लॅमिनेशन झालं आणि मी भिंतीवर चढलो. शिकाऊ डॉक्टर फाईल मागायच्या निमित्तानं येत आणि चोरून माझ्याकडे बघून जात. मला भारी मजा वाटे.

गेल्या वर्षी शिवलीलाबाईंची फाईल आली. वय अठ्ठावन्न, निपाणीकडच्या, पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या स्प्रिंगच्या कारखान्यात पॅकिंगला. उजव्या जांघेत गाठ. सहा महिने त्यांनी लाजेनं कुणाला दाखवलीच नव्हती. तरुण डॉक्टर प्रणीतनी यादीतून 'इंग्वायनल हर्निया' निवडलं होतं, आणि ऑपरेशनची तारीख दिली होती दोन महिन्यांनंतरची.

अक्का नाव पाहून पुढे जाणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी तपासणी वाचली. गाठ जांघेच्या हाडाच्या उंचवट्याखाली, बाहेरच्या बाजूला. त्या उठल्या आणि माझ्यापुढे उभ्या राहिल्या. त्यांचं बोट रेषेवर आलं, मग रेषेखाली सरकलं.

त्यांनी प्रणीतना फोन लावला. "डॉक्टर, तुम्ही लिहिलेली जागा एक सांगते, नाव दुसरंच सांगतं."

"अक्का, बाहेर चाळीस पेशंट आहेत. जांघेतला आहे ना? मग तेच नाव ठेवा."

"स्वल्प, जरा येऊन बघा. दोन मिनिटं."

ते आले, कपाळावर आठ्या घेऊनच. माझ्याकडे बघितलं, स्वतःचं लिहिलेलं वाचलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. तपासलं त्यांनी नीट होतं. यादीतलं पहिलं, सवयीचं नाव घाईत निवडलं गेलं होतं.

"हा फीमोरल असणार," ते हळूच म्हणाले. "अरुंद वाट असते त्याची. आतडं कधीही अडकू शकतं. दोन महिने थांबणं बरोबर नाही." आणि त्यांनी स्वतःच देवश्रीमॅडमना कळवलं.

शिवलीलाबाई फोन उचलेनात. कारखान्यात कामाच्या जागी मोबाइल चालत नाही. अक्कांनी कारखान्याच्या ऑफिसात फोन लावून त्यांना फोनवर बोलावून घेतलं.

"बाई आज सकाळपासून गाठ आत जात नाही म्हणतेत," अक्कांनी फोनवर हात ठेवून प्रणीतना सांगितलं. "दोनदा उलटी झालीय."

"असतील तशा इकडे आणा," प्रणीत म्हणाले. "पाणीसुद्धा नको."

सोबत काम करणाऱ्या बायकांनी त्यांना रिक्षातून आणलं. त्याच दुपारी ऑपरेशन झालं. अक्का घरी गेल्या नाहीत, समोरच्या फायली नुसत्या चाळत राहिल्या. मी भिंतीवर होतो. मला दुसरं करता तरी काय येणार?

संध्याकाळी देवश्रीमॅडम दारात आल्या. "आतडं काळपट पडायला लागलं होतं. सोडवल्यावर रंग परत आला. कापावं लागलं नाही, अक्का."

"सरी, बरं झालं," एवढंच अक्का म्हणाल्या. चष्मा मात्र दोनदा पुसला.

टाके काढायला आल्या तेव्हा शिवलीलाबाई मुद्दाम मला बघायला आल्या. "माझा कुठला, अक्का?"

अक्कांनी रेषेखालचा ठिपका दाखवला. शिवलीलाबाईंनी त्यावर बोट टेकवलं. "एवढासा? ह्यासाठी मी सहा महिने लाजले?" आणि त्या खुदकन हसल्या.

आता माझ्या लॅमिनेशनमध्ये बुडबुडे आलेत, एक कोपरा सुटलाय. माझंच चित्र आता कॉम्प्युटरच्या पडद्यावरही आहे, माझ्यापेक्षा देखणं. मार्चमध्ये अक्का निवृत्त होतील. "आठवण म्हणून घरी न्या," असं रुग्णालयाच्या साहेबांनी सुचवलं, तर त्या म्हणाल्या, "नको. इथं लागतो तो." एखाद्या तक्त्याचा याहून मोठा सत्कार कुणी केला असेल, असं मला वाटत नाही.

तुम्हाला एकच विनंती. तुमच्या कागदावर नुसतं 'हर्निया' लिहिलेलं दिसलं, तर गप्प घरी जाऊ नका. लाज वाटली तरी विचारा, "डॉक्टर, कुठला?"