वाट्याचा रोट

प्लेगनंतरच्या वर्षी श्रावणात, शनिवारी दुपारी रंजनाच्या नावाचं पत्र सुरतेतल्या लिंबायतला, तिच्या घरी पोहोचलं. मुलाखत सोमवारी सकाळी बडोद्याला होती. एम.एस्सी. रसायनशास्त्राची एक जागा रिकामी झाली होती आणि प्रतीक्षा यादीतल्या दोघींना बोलावलं होतं.

नेमकी रविवारी घरात खानदेशातली देवी कानबाई बसायची होती. कानबाईचा रोट, म्हणजे नैवेद्याची जाड पोळी, भाऊबंदांतच संपवायचा, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही, उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही, हा तिच्या आईचा, मंगलाबाईचा, कडक नेम. पण रंजना सोमवारी पहाटेच निघणार, तिच्या वाट्याचा रोट उरणार. तेव्हा आईनेच तो डब्यात भरला.

"तू घरनीच शे," ती म्हणाली; घरच्याच पोरीच्या हाती रोट घरातच राहतो, असा तिचा हिशेब. "पन बाहेरना कोनले तुकडाबी देऊ नको."

रंजनाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तिने हसून डबा घेतला.

बडोद्याला विभागाच्या व्हरांड्यात दुसरी मुलगी आधीच येऊन बसली होती. चैताली, पालनपूरची. पत्र हाती पडलं तशी ती गाडीत बसली होती. पोटात काही नव्हतं, चेहरा पांढराफटक. कँटीन अजून उघडायचं होतं. रंजनाने डबा उघडला, तेव्हा चैतालीने संकोचत गुजरातीत एक तुकडा मागितला.

रंजनाने झाकण लावलं. हा देवीचा असतो, आमच्यात बाहेरच्याला चालत नाही, असं सांगितलं. चैतालीने लगेच माफी मागितली, आणि तेच रंजनाला जास्त लागलं.

चैतालीला आधी बोलावलं. दाराआडून प्रश्न ऐकू येत होते, उत्तरं येत नव्हती. मग आतून कोणीतरी तिच्यासाठी पाणी मागवलं.

जागा रंजनाला मिळाली. परतीच्या गाडीत ती स्वतःला बजावत राहिली, की एका निरीक्षणावरून कारण ठरत नाही. ती मुलगी भुकेने अडखळली की भीतीने, कोण सांगणार? पण झाकण कशामुळे लागलं ते तिला पक्कं ठाऊक होतं. त्यात देवी कुठेच नव्हती.

आईने दारातच विचारलं, "कोनले दिधा नही ना?"

"नही."

पोरीने नेम पाळला म्हणून कानबाई पावली, असं आई शेजारणींना सांगू लागली. रंजनाने डबा उघडला. रोट तसाच होता. तिच्याही घशाखाली उतरला नव्हता. आता तो तिलाच संपवायचा होता.