थंड पडलेली प्लेट

“ताई, मेले! सगळेच्या सगळे मेले!”

सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून ती ओरडली. ती म्हणजे वर्षभरापूर्वी आमच्या प्रयोगशाळेत आलेली नवी संशोधक. रोग पसरवणाऱ्या परजीवींना जगायला लागणारी चरबीच बनवू द्यायची नाही, म्हणजे ते मरतील, असं एक औषध ती तपासत होती. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, त्यांच्या खोलीतून धावत आले.

“शाब्बास! उद्या काम बघायला येणाऱ्या पाहुण्यांसमोर हेच मांडायचं.”

माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू? बावीस वर्षं या परजीवींना दिवसाआड खाऊ घालून मी जगवलं, आणि शाबासकी मारणारीला! मला सर फार तर एवढंच विचारायचे, “ताई, बाटल्या धुतल्या का?”

पण मी सगळं पाहिलं होतं. परजीवी ठेवलेल्या प्लेटमधले बिनऔषधाचे खळगे तिने आधी मोजले, त्यांतले सगळे जिवंत होते. मग तिला फोन आला, आणि प्लेट अर्धा तास एसीखाली पडून राहिली; औषधाचे खळगे तिने त्यानंतर मोजले. गारठ्यात हे परजीवी मेल्यासारखे निपचित पडतात, उबेत ठेवले की पुन्हा वळवळतात. तिला ते कुठून कळणार?

म्हटलं, पडू दे उद्या तोंडावर. मनात उकळ्या फुटत होत्या. ती जेवायला गेली तेव्हा मात्र राहवेना. प्लेट उबेच्या कपाटात ठेवली आणि पुरेशी ऊब मिळाल्यावर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. कमी औषधाच्या खळग्यांत वळवळ सुरू झाली होती. जास्त औषधाच्या खळग्यांत काहीच हलेना. तीनदा पाहिलं. मेलं औषध खरंच लागू पडत होतं!

ती आल्यावर तिला दाखवलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“ताई, उद्या माझी केवढी फजिती झाली असती!”

“माझी तीच इच्छा होती.”

तिला थट्टा वाटली. हसत माझा हात धरून तिने मला सरांकडे नेलं.

“सर, सकाळचे आकडे चुकलेत. जास्त औषधानेच मरतात ते. ताईंनी...”

“स्वतःची चूक सांगायला आलीस? याला म्हणतात संशोधक!”

“मी नाही सर, ताईंनी पकडली.”

“हो हो, ताई आपल्या जुन्याच आहेत,” म्हणत सरांनी नवे आकडे पुढे ओढले.

तिने श्रेय चोरलं असतं तर बरं झालं असतं. निवांत जळता तरी आलं असतं. पण सरांच्या खुर्चीमागून ती माझ्याकडे बघत होती, डोळ्यांत पाणी आणून. तिचा राग करायचा, एवढंच माझं स्वतःचं उरलं होतं. तेही तिने राहू दिलं नाही.