पेचकसाच्या मुठीवरचे वण

मी पेचकस बोलतोय. हातभर लांब, टोकाशी जरा वाकडा. वाकडा झालो तो माझ्या चुकीने नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. जन्म माझा स्क्रू फिरवायला, पण मालकाने माझ्याकडून रंगाचे डबे उघडले, टायर उचकटले, एकदा तर चहासुद्धा ढवळला! प्लास्टिकची मूठ फुटली तेव्हा धनज गावच्या सुताराने सागवानी मूठ बसवून दिली. तेव्हापासून मी जरा भाव खातो.

माझा मालक इंद्रभान. विदर्भातल्या मालेगावात वाशीम रोडवर त्याचं ट्रकचं गॅरेज आहे. चालू इंजिनावर माझं टोक टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, की आतला बिघाड त्याला कळायचा. पण दोन वर्षांपासून त्याचे कान गेलेत. समोरच्याचं बोलणं कळतं, पण बारीक आवाज मुळीच येत नाही. घरी कुकरच्या शिट्ट्या त्याची बायको रत्नमाला मोजते. लोकांना कळलं तर गॅरेजात कोण येईल, या भीतीने त्याने हे लपवून ठेवलं होतं.

दिवाळी उरकली आणि मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा गुलाबसिंग ट्रक घेऊन आला. इंजिनातून सारखं चीं चीं.

"काका, पंधरा दिवसाआंधी तुमीच पट्टा कसला होता न! आता डबल वरडून राह्यला. उद्या सकाळी तांड्यावरची मानसं घेऊन ऊसतोडीले निघाचं हाय. लेकरंबाळं हायेत संगं."

बोलता बोलता त्याने खिशातून साबणाची वडी काढली, इंजिन बंद करून पंख्याच्या पट्ट्यावर घासली आणि पुन्हा चालू केलं. चीं चीं एकदम बंद. हे ड्रायव्हर लोकांचं जुनं औषध!

"अजून वरडून राह्यलाच न?" इंद्रभानने विचारलं.

गुलाबसिंग चमकला. "काका, आवाज त कवाचा बंद झाला! तुमाले आयकू येत नाही काय?"

झालं, उघडं पडलं. मालकाचा चेहरा पार उतरला. मला फार वाईट वाटलं.

"मंग तुमी काय बिघाड काढसान? जातो मी," गुलाबसिंग म्हणाला.

जेवणाचा डबा घेऊन आलेली रत्नमाला त्याच्याजवळ येऊन म्हणाली, "आवो, जाऊ द्या न त्याले."

इंद्रभान ट्रकच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. "साबनानं आवाज दबला, रोग नाही गेला. रस्त्यात पट्टा तुटला त इंजिन तापून बंद पडन. लेकरं कुठी उतरवशीन? बिघाड सापडल्याबिगर गाडी हालत नाही."

मला ऊर नाही, तरी भरून आला.

त्याने मला उजव्या कानाला लावलं, मग डाव्या. काहीच नाही. मी आपला जीव तोडून थरथरत होतो. मग त्याने मला फडक्याने पुसलं आणि माझी मूठ चक्क दातांत धरली! अरे बापरे, मी हबकलोच. पंख्यापासून जपत त्याने माझं टोक वीज करणाऱ्या अल्टरनेटरवर टेकवलं. तिथे साधी घरघर. मग त्याच पट्ट्यावर फिरणाऱ्या पाण्याच्या पंपावर. तिथे आत कोरडं करकर घासत होतं. ते माझ्यातून त्याच्या दातांत आणि दातांतून डोक्यात गेलं. त्याने डोळे मिटले.

"पंपाचं बेरिंग!"

पंप उतरवला तर बेरिंग खरंच झिजून खिळखिळं झालेलं.

आता तो गप्प बसू शकला असता. पण म्हणाला, "गुलाबसिंग, पट्टा म्याच जास्त कसला. मले आवाज येत नव्हता. तू वरडते म्हनला म्हून मी आनखीनच तानला. त्यानंच बेरिंग गेलं. चूक माही हाय."

संध्याकाळपर्यंत नवा पंप बसला. इंजिन चालू झालं. गेला का आवाज, हे इंद्रभानने कुणालाच विचारलं नाही. मला पुन्हा दातांत धरलं, पंपाला टेकवलं आणि तो हसला.

गुलाबसिंगने चाबी फिरवून इंजिन बंद केलं. "काका, वापस आलो की गाडी तुमीच पाहाजा."

"पाहीन. पन कान आता हा," मला उंच धरत मालक म्हणाला.

सध्या मी गॅरेजात खिळ्याला लटकलेला असतो. मुठीवर दातांचे वण आहेत. रत्नमाला घासून काढायला निघाली होती, मालकाने काढू दिले नाहीत. तुम्ही कधी आलात आणि ते वण दिसले, तर उंदराने कुरतडलं म्हणून हसू नका. ते माझ्या मालकाचे कान आहेत.