कल्हई उडालेले पातेले

युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर सुनेच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि पिंढऱ्यांवर निळसर डाग उमटले. आंबट फळे बाजारातून केव्हाच नाहीशी झाली होती. रेल्वेच्या बंधाऱ्यावर रानगुलाबाची झुडपे आहेत, त्यांची लाल फळे पाखरांनी संपवण्याआधी आणा, नाहीतर हिचे दात जातील, असे दवाखान्यातल्या नर्सने सासूला बजावले. मुलगा आघाडीवर होता. जाणारे दुसरे कोणी नव्हते.

सासू रोज बंधारा चढू लागली. काट्यांनी हात कोपरापर्यंत ओरबाडले. फळे चिरून, आतल्या बिया आणि खाजरी लव काढून, तिने ती घरातल्या सर्वांत चांगल्या भांड्यात, तांब्याच्या पातेल्यात, शिजत घातली. सरकारी माणसे धातू गोळा करायला आली, तेव्हा हेच पातेले तिने कोळशाखाली दडवले होते. त्याची कल्हई उडाली होती, पण कल्हईवालाही सैन्यात गेलेला. म्हणून तिने ते राखेने घासून लखलखीत केले. होती नव्हती ती साखर घातली आणि पाक टिकावा म्हणून दुपारभर आटवला.

सून सकाळ-संध्याकाळ चमचाभर पाक घेई. रक्त काही थांबेना. पाक संपत आला तेव्हा नर्स घरी आली. तिने सुनेचे तोंड पाहिले, चुलीवरचे पातेले पाहिले आणि पाक यातच केला का, असे विचारले. सासूने अभिमानाने हो म्हटले. नर्स स्टुलावर बसली. उघडे तांबे फळांतले जीवनसत्त्व मारून टाकते आणि उरलेसुरले एवढ्या आटवण्याने जाते, हे तिने जमेल तितक्या हळू आवाजात सांगितले.

"म्हणजे मी हिला नुसतं लाल पाणी पाजलं," सासू म्हणाली.

"गोड होतं, आई," सून म्हणाली. "या घरात आल्यापासून तुमच्याकडून पहिल्यांदाच काही गोड मिळालं."

"तोंड दुखतंय ना? मग गप्प बस."

त्याच संध्याकाळी सासू बंधाऱ्यावर गेली. झुडपांवर काटेच उरले होते. परतताना, त्यांतही तेच जीवनसत्त्व असते असे नर्सने सुचवले होते म्हणून, तिने दवाखान्यामागच्या पाइनच्या झाडाच्या सुईसारख्या पानांच्या हिरव्या सुया खुडून आणल्या, ठेचल्या आणि न उकळता, इनॅमलच्या कपात गरम पाण्यात भिजवल्या. पातेले तिने धातूवाल्यांसाठी दाराबाहेर ठेवले.

सुनेने कडू घोट घेतला आणि एकदम थांबली. कपात काहीतरी टपकले. सासूने वाकून पाहिले. तळाशी दात होता. तिने तो काढून रुमालात बांधला.

"बाकीचे तरी राखू," ती म्हणाली. तिने कप विसळला आणि ती पुन्हा सुया ठेचायला बसली.