कपांचा मोर

भिवपुरीला वीजघर झालं त्या सुमाराला दहिवलीचे रावसाहेब इनामदार विलायतेहून परतले. येताना वाटेत व्हेनिसला उतरून तिथलं जुनं मोठं चर्च बघून आले, आन् तवापासून त्यांचे पाय जमिनीला लागंनात. देवळाच्या पारावर गाव बसवून सांगायचे. भिंतींवर, घुमटावर, सगळीकडं काचेचे बारीक तुकडे, आत सोन्याचा वर्ख घातलेले. कारागिरांनी मुद्दाम जरा तिरके बसवलेले, म्हंजे मेणबत्ती हलली की अख्खी भिंत हलते. आजानं सुरू केलेलं चित्र नातवानं पुरं करायचं, असं शेकडो वर्षं चाललेलं. मी डोईवरची मोळी खाली टेकवून लांबून ऐकायची. खोटं कशाला बोलू, मला आवडायचं. नायतर आपल्याला कोण दावतंय व्हेनिस!

मग टूम निघाली, आपल्या देवीमागच्या भिंतीवर तसंच करायचं. सोनं काय परवडणार नाय, तर चिनी कपबशांचे तुकडे. मुंबईहून नागू मिस्त्री आणला. गावात दवंडी दिली, घरटी कप द्या, देवीचं काम हाय.

आता दहिवलीच्या बायका भक्तीला कमी नायत हां. पण चांगला कप फोडायला द्यायचा म्हंजे जिवावर येतं की नाय? समद्यांना एकदमच एकच अक्कल सुचली. परसदारी कोनाड्यात एक कप पालथा असतो. तो आमचा. आमी वाडीवरची माणसं मोळ्या घेऊन आलो की त्यात वरून चहा ओततात. पिऊन झाला की आमीच धुवायचा, आमीच पालथा घालायचा. घरातलं कुणी त्याला बोट लावत नाय. तोच दिला. हरएकीला वाटलं, एवढ्या ढिगात आपला एक कोण बघतंय! आन् बोट लावायचं नाय म्हणून टोपली घेऊन घरोघर फिरवलं कुणाला? मलाच.

मी मुकाट गोळा केले, कारण माझ्या डोक्यात दुसराच घोर. माझ्या लेकीची, भागीची, दोन बाळं गेली, तिसरं जगलं. त्या बाळासाठी पोरीनं नवस केलेला, देवीच्या पायाशी नारळ मी माझ्या हातानं ठेवीन. खुळी कुठली! आमचा नारळ गुरव पायरीवरच घेतो आन् आत नेतो, हे काय तिला म्हाईत नव्हतं? पण बोलून बसली. नवस फिटला नाय तर बाळाचं काय, ह्या धास्तीनं ती वाळत चाललेली.

मिस्त्रीनं त्या तुकड्यांचा मोर मात्र झकास केला. समई हलली की पिसारा हलायचा, पायरीवरनंसुद्धा दिसायचं.

पूजेच्या दिवशी भागी बाळाला घेऊन पायरीशी उभी राहिली. गुरवानं नारळाला हात पुढं केला. माझ्याच्यानं राहवंना. म्हटलं, "रावसाहेब, आज हिला आत सोडा."

आनंदीबाई, म्हंजे रावसाहेबांचं कुटुंब, कडाडल्या, "आवडे, शुद्धीवर आहेस ना गं?"

"हाय की, बाईसाहेब. त्या मोराच्या मानेत तुमच्या कपावरचा निळा पोपट हाय बघा. परसातल्या. शेपटीत कुलकर्ण्यांचा गुलाब हाय. समदे आमच्या तोंडाचे कप हायती."

बायकांनी एकमेकींकडं बघितलं, आन् समद्यांचे पदर एकदमच तोंडाला गेले. रावसाहेबांचं व्हेनिस पार उतरलं. पण भटजी हुशार माणूस. पुढं येऊन म्हणाले, "भाजलेली माती ती. फुटली, चुन्यात बसली, दोष गेला." झालं! समदे मोकळे झाले आन् घंटा बडवायला लागले.

मी वरडून इचारलं, "मग भटजीबुवा, माझ्या भागीला कितपत फोडायला लागंल, तेवढं सांगा की!"

घंटा आणखी जोरात वाजली. गुरवानं पुन्हा हात पुढं केला.

पण भागीनं नारळ काय सोडला नाय. बाळ माझ्याकडं दिलं, खाली वाकली आन् खालच्याच पायरीवर नारळ फोडला. त्याचं पाणी बाळाच्या ओठाला लावलं. मग आत बघून, घंटेच्या वर आवाज काढून म्हणाली, "आई, मला आत घेत नायत गं. तूच ये बाहेर."